शिफारशीचे कारण

वाचनालयाच्या शिफारस-वहीत चार रकाने:
पुस्तक, लेखक, किंमत, कारण.
चौथा बहुतेक जण मोकळा सोडतात.
भरतीच्या मुलांना कारण कोण विचारणार,
पाककृतीवाल्या कोल्हेवहिनींना तर नाहीच.

दोधू ढाके मात्र
चौथ्या रकान्यात मावत नाहीत,
समासात उतरतात,
पान उलटलं तरी थांबत नाहीत.

मार्चअखेर. अनुदानाचा दुसरा हप्ता.
वरणगावात ऊन असं की दीपनगरच्या चिमण्यांचा
धूरही जागचा हलत नाही.
मी ओल्या फडक्यानं पुस्तकांवरची राख पुसत होते.
ती रोज असते. इतिहासावर जरा जास्त,
कारण इतिहासाचं कपाट खिडकीशी आहे.

ढाके आले. सायकल भिंतीला टेकवली. वही मागितली.
तीन पुस्तकं लिहिली,
तिन्ही अलीकडची, तिन्ही फ्रान्सकडची.

पहिलं एका पाववालीचं.
एक सैन्य येतं, जातं, दुसरं येतं,
ती त्याच भावानं तोच पाव विकते,
आणि लढाई संपल्यावर
गाव तिला चौकात बसवून तिचे केस कापतं.
कारण: "बाईनं हिसाब चोख ठेवेल व्हता. तोच नडला."

दुसरं सरहद्दीवरच्या शाळेचं.
पाऊणशे वर्षांत तिथं चारदा भाषा बदलली,
फळा तोच राहिला.
कारण: "घरात आपली लेवा, शाळेत मराठी,
फॅक्टरीत हिंदी, पगाराच्या चिठ्ठीवर इंग्रजी.
आमचं तर एकाच दिवसात चारदा बदले."
(हे समासात, उभं लिहिलेलं.)

तिसऱ्यापुढे किंमत, आठशे नव्वद.
कारण कोरं.
"काका, हे राहिलं."
"राहू दे."

फ्रेंच त्यांना एका मशीननं शिकवली.
काडतुसांचं जुनं मशीन, सोबत जाड माहितीपुस्तिका,
भाषांतर कुणी धाडलंच नाही.
भुसावळच्या रद्दीतून शब्दकोश आणला,
रात्रपाळीत एकेक ओळ सोडवली:
हात आत घालू नये.
दाब वाढल्यास थांबावे.
गरम भागास स्पर्श करू नये.
"वरीसभर मला त्या भाषेत
निस्ती मनाई येत व्हती," ते सांगतात,
"मंग पयली कादंबरी भेटली,
तर पयल्याच पानावर
कोणी कोणाला हात लावून राह्यलं व्हतं!"
आणि इतके हसतात की चष्मा काढावा लागतो.

समितीत भारंबे म्हणाले,
आपलं काय जातं हो फ्रान्सला?
केळी तर दिल्लीच्या पुढं जाईनात.
सगळे हसले. चहा आला.
एक घ्या, म्हणाले, स्वस्तातलं.

मी तिसरं घेतलं.
ठरावात 'संदर्भग्रंथ' लिहिलं, कुणी विचारलं नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धातल्या
काडतुसं भरणाऱ्या बायकांचा तो इतिहास.
त्यांचे बोटांपासून पिवळे पडत गेलेले हात,
त्यांचा डबा, त्यांचा संप,
मग पेट्या, आगगाडी, चिखल,
आणि शेवटी मेलेल्यांची यादी, गावांसकट.

एकोणीस दिवसांनी पुस्तक परत आलं.
आत भरीत-पार्टीच्या निमंत्रणाच्या पाठीवर दुरुस्त्या:
पान २१२, पितळेची जाडी चूक.
पान २३०, या खोलीत एवढा उजेड नसतो.
पुढं यादीच्या पानावर, पेन्सिलीनं, अगदी बारीक,
एका नावाशेजारी: "लॉट नंबर?"

पुस्तकात खुणा केल्यास दंड पाच रुपये.
मी काही बोलले नव्हते.
त्यांनीच नाणं टेबलावर ठेवलं,
पावती मागितली, वही मागितली,
आणि तिसऱ्या पुस्तकापुढे लिहिलं:

"एकतीस वर्षं पेट्या भरल्या.
एक टोक माहीत होतं."

पुढे जागा होती.
समासही अख्खा मोकळा होता.